सतरा पाऊणं

“त्वांडातला पदर काढ. आन् माज्याकडं बगून सांग. सतरा पाऊणं?”

तात्याबानं हे तिसऱ्यांदा विचारलं. अंजनाची नजर जमिनीवर होती. पदर दातांत धरून तिनं दोनदा सांगितलं होतं, पावणेतेरा. आणि उत्तर बरोबर होतं. सासऱ्यापुढं पदर टाकून कुठली सून तोंड वर करते?

तात्याबा विहिरींना सुरुंग लावायचा. वडूजच्या बाजूला हातभर मातीखाली कातळ, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. मुलगा सयाजी त्याच्या हाताखाली असे. सयाजी फौजेत गेला. लढाई संपली, पण त्याला अजून सोडलं नव्हतं. मग म्हाताऱ्यानं सुनेलाच विहिरीवर नेलं, सयाजीनं पाठवलेलं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि तिला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकवायला घेतली. कारण सुरुंगाची एक फूट वात जळायला पाऊण मिनिट लागतं. चार फुटी वात, चार पाऊणं तीन. तीन मिनिटांत माणूस विहिरीबाहेर पाहिजे.

युक्ती त्याचीच होती. “चौथाई काडून टाक, ऱ्हाईल ती पाऊणकी. सतराची चौथाई सव्वाचार.” शाळेची पायरी न चढलेली अंजना महिन्याभरात अशी तयार झाली, की आकडा कानावर पडायचा अवकाश, उत्तर ओठावर यायचं. अडलं ते फक्त पदरापाशी. म्हाताऱ्याचा एकच हेका, माझ्याकडं बघून सांग.

घरात सासू नव्हती. त्यामुळं शेजारच्या धोंडुबाईला आयतंच मिळालं. “सासऱ्याला सुनंचं त्वांड बगायची लय हौस!” ती पाणवठ्यावर म्हणाली, आणि बाया हसल्या. अंजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येत्या बाजारच्या दिवशी म्हसवडला माहेरी निघून जायचं, परत यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. तात्याबाला सांगून उपयोग नव्हता. माणूस गुर्मीचा. मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी तो वळून बघत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दादासोच्या विहिरीवर त्या दिवशी आठ बार होते. पहिली वात चार फुटी, पुढची प्रत्येक फूटभर जास्त, शेवटची अकरा. आठांची तोंडं एकत्र बांधून तात्याबानं काडी लावली आणि शिडीनं वर आला. नेहमीसारखाच बांधाआड अनवाणी बसला, दोन्ही तळहात उघड्या कातळावर टेकले आणि डोळे मिटून पाऊणकी पुटपुटू लागला. अंजना त्याच्या मागं घड्याळ घेऊन बसली.

तीन मिनिटांनी पहिला बार उडाला. पावणेचारला दुसरा. माणसं मोठ्यानं मोजत होती. सहाला पाचवा झाला आणि त्याच्यामागं लगेच आणखी एक. “सा!” माणसं ओरडली. मग सात. मग आठ.

“झालं आट!” दादासो उठला. आदल्या दिवशी तळाला ओल दिसली होती, त्याला दम निघेना. तो शिडीकडं पळत सुटला.

अंजनानं घड्याळ बघितलं. साडेसात. दहा पाऊणं साडेसात. म्हणजे आत्ता उडाला तो दहा फुटीचा बार. अकराची वात अजून जळत होती.

“मामंजी, आजून येक हाय,” ती पदराआडून म्हणाली. तात्याबानं डोळे उघडले नाहीत. “मामंजी!” काही नाही. सासऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा? ती उठून धावली. पदर खांद्यावर आला, मग मागं मातीत लोळू लागला.

“मागं सरा! अकरा पाऊणं सव्वाआट! येक बार ऱ्हायलाय!”

दादासोचा एक पाय शिडीवर होता. अंजनानं त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं, आणि दोघं दगडांच्या ढिगाआड पडली. तेवढ्यात बार उडाला. शिडीचं वरचं टोक तुटून चिंचेला जाऊन लागलं.

धूळ खाली बसली. तात्याबानं कातळावरचे हात उचलले, डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाला, “झालं आट. आता उतरा.”

जास्तीचा तो बार टेकडीपलीकडच्या विहिरीचा होता, हे मागाहून कळलं. दादासो अंजनाच्या पाया पडायला निघाला होता. म्हाताऱ्याच्या काळजाची मात्र सगळ्यांनी वाखाणणी केली. एवढा गोंधळ झाला, पण गडी जागचा हलला नाही म्हणे.

संध्याकाळी घरी जाताना अंजना चार पावलं मागून चालत होती. पदर पुन्हा दातांत होता.

“मामंजी, बाजारादिशी मी माहेरी जाती.”

तात्याबा चालत राहिला. तिनं मोठ्यानं म्हटलं. मग ओरडून म्हटलं. बांधावरच्या टिटव्या कलकलाट करत उडाल्या. तात्याबाची मानसुद्धा हलली नाही.

अंजना जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्याला ऐकूच येत नव्हतं. बारांनी त्याचे कान कधीच नेले होते. बार तो तळहातांनी मोजत होता आणि माणसांचं बोलणं ओठांवरून. इतकी वर्षं सयाजी त्याचे कान झाला होता आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला सुरुंगाचं काम कोण देणार? तिला स्वतःची लाज वाटली. धोंडुबाईच्या बोलण्यावर आपण विश्वास ठेवला, याचं रडू आलं.

ती धावत पुढं गेली आणि वाट अडवून त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं दातांतला पदर काढला, तोंड वर केलं आणि सावकाश म्हणाली,

“मामंजी, सतरा पाऊणं पावणेतेरा.”