सोडायच्या चिठ्ठ्या

वर्षातली सर्वांत मोठी रात्र येईपर्यंत रोज पहाटे, जे सोडायचंय ते चिठ्ठीवर लिहून आगीत टाकायचं, असं मोबाइलवरच्या ताईंनी सांगितलं होतं. देऊळघाटच्या रुपालीने ते मनावर घेतलं. सासू अन्नपूर्णाबाई अंधारात उठून, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून शेकोटी पेटवत. रुपाली उशिरा येऊन कधी 'राग' जाळी, कधी 'अहंकार', आणि फोटो काढून पुन्हा झोपी जाई.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "आई, तुमीबी काही सोडा ना."

"चष्मा नाही माह्याजवळ. तूच लिही, 'पहाटे शेकोटी पेटवणं'."

रुपालीने हसत लिहिलं. सासूने चिठ्ठी जाळली.

दुसऱ्या पहाटे अंगणात गार राख होती. रुपालीने सासूचं दार वाजवलं. "आई, काऊन उठल्या नाही? मले चिठ्ठी जाळायची हाय!"

तिच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दुसऱ्यांकडून अपेक्षा'.