रडणं ओळखण्याचं काम

"कानात ते बोळे कोंबून बसू नकोस गं, लेकरू रडलेलं कळायचं नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या. ती हसली होती. "अहो आई, रडणं ऐकायचेच तर पैसे देतात मला!"

खोटं नव्हतं ते. नवऱ्याचा कारखाना आणखी स्वस्त मजूर शोधत दुसऱ्या देशात गेल्यापासून घर याच कामावर चाललं होतं. दूरदेशीच्या पाळण्यांवरच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण बघायचं, इअरफोनचे बोळे कानात घालून ऐकायचं आणि लिहायचं: बाळ भुकेलंय, ओलं झालंय, की पोट दुखतंय. त्यावरून यंत्र शिकणार, आणि तिथल्या आईबापांना वेळेवर हाक जाणार.

त्या दुपारी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. हिचे डोळे मिटत होते. रडणं ऐकून तिने सवयीने लिहिलं, 'भुकेलंय. बराच वेळ रडतंय.' तपासणाऱ्याचं लगेच उत्तर आलं, 'चूक. हे बाळ झोपलेलं आहे.'

तिने डोळे चोळून पाहिलं. पडद्यावरचं बाळ खरंच मूठ चोखत गाढ झोपलं होतं. तिने कानातले बोळे काढले, तर रडणं आणखी मोठं झालं.

तुमच्या शेजारीही अशी कुणी कामाला बसलेली असेल, तर जाता-येता दार वाजवा. तिच्या बाळाला एकदा बघून या.