आपोआप सुरू होतं

काका-काकूंनी नवं घर घेतलं, तेव्हाच्या कॅसेटची मी डीव्हीडी करून दिली होती. तर काका तिसऱ्यांदा दुकानात हजर. तक्रार तीच. “शूटिंग आपोआप सुरू होतं रे.”

डोकंच फिरलं माझं. एरवी लोक डीव्हीडी चालत नाही म्हणून भांडतात, हे चालते म्हणून भांडत होते!

तरी लावून पाहिली. सुरुवातीच्या मेन्यूवर मी हौसेनं काकूंचा छोटासा तुकडा टाकला होता. त्या दार उघडतात, हसतात आणि म्हणतात, “आलात? किती वाट बघायची माणसानं!” तेवढंच फिरून फिरून दिसत राहतं. कुणी बटण दाबलं नाही, तर थोड्या वेळानं पुढचं शूटिंग सुरू होतं. सगळं बिनचूक होतं.

“काका, हा बिघाड नाहीये. तुम्हाला बटणं दाबायचा ताप नको, म्हणून मीच तसं करून दिलंय.”

“ते काढून टाक. हे पहिलंच चालू राहू दे, मी बंद करेपर्यंत.”

“अहो, मग बाकीचं बघणार कधी?”

काकांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“बघायला नकोय रे. बाहेर पडताना लावून जातो मी. परत येईपर्यंत शूटिंग संपून जातं, आणि कुलूप काढून आत शिरलो की घरात कुणीच काही बोलत नाही.”