‘या’ म्हटल्याशिवाय

इंद्रजीतला बाबांनी कधीच घरात बोलावलं नव्हतं. लग्न आमच्या पसंतीचं होतं, त्यांच्या नाही. मी क्रांती चौकातल्या माहेरी आले की तो मला गेटपाशी सोडायचा आणि तिथंच गाडीला टेकून थांबायचा.

त्या रविवारी बाबा आणि माझी भाची अक्षदा टीव्हीवर व्हॅम्पायरची कार्टून मालिका बघत होते. काळ्या झग्यातला व्हॅम्पायर एका बाईच्या दारात उभा होता आणि मागं सूर्य उगवायला लागला होता.

“आत का नाय शिरत ते येडं?” बाबांनी विचारलं.

“आजोबा, घरातल्यांनी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. पण एकदा म्हटलं ना, की मग तो कायमच येतो.”

उन्हानं व्हॅम्पायरच्या अंगातून धूर निघाला, तसे बाबा सोफ्यावरून उठलेच. “अय बाई, म्हण की ‘या’ म्हणून! लेकरू जळायलंय तिथं! कसली माणसं म्हणायची ही!”

मी नुसता खिडकीचा पडदा सरकवला. खाली मे महिन्याच्या उन्हात इंद्रजीत रुमालानं मान पुसत उभा होता.

बाबा खिडकीपाशी येऊन खाली वाकले. मग इतक्या जोरात ओरडले की शेजारीपाजारी गॅलरीत आले. “ओ जावईबापू! उन्हात काय करायलात? वर या!”

“आजोबा,” अक्षदा डोळे मोठे करून म्हणाली, “आता ते कायम येतील हां!”

“म्हणून तर म्हणलं,” बाबा म्हणाले आणि दार उघडायला गेले.