ओल्या उन्हाळ्यातला किल्ला

कोरडा उन्हाळा:
राजाचा किल्ला कधीच गेला. त्याचे दगड आमच्या घरांत आणि गोठ्यांत आहेत, त्या जागी मेंढ्या चरतात. पण पाऊस पडला नाही, की जमिनीत राहिलेल्या पायाच्या दगडांवरचं गवत आधी करपतं आणि टेकडीवर किल्ल्याच्या पिवळ्या भिंती उमटतात. सगळं गाव बघायला जातं.

ओला उन्हाळा:
यंदा पाऊस थांबतच नाही. ऑलिव्ह अंथरुणाला खिळली आहे. पुढचा उन्हाळा ती बघणार नाही, हे डॉक्टरांनी तिलाही सांगितलंय. "किल्ला एकदा दिसायला हवा होता," एवढंच ती म्हणाली.

पाऊस जरा उघडला तसा तिचा नवरा विल्फ गवत कापायचं यंत्र घेऊन टेकडीवर गेला आणि आठवतील तशा भिंती कापत दुपारपर्यंत फिरला. घरी येऊन त्यानं तिला उशांना टेकवून खिडकीकडे वळवलं.

"बघ, आला."

"एवढ्या पावसात?"

"राजाची मर्जी."

ती बराच वेळ बघत राहिली. "तुझ्या विजारीला गवत चिकटलंय, विल्फ."

"तू किल्ला बघ गं."

"बघतेय ना. दरवाजा कुठाय? चारी बाजूंनी भिंतच घालून ठेवलीस. आणि किल्ल्याची भिंत ओलांडायची नसते, गवताची असली तरी. मग आतल्या माणसानं बाहेर जायचं कसं?"

विल्फनं तिची शाल नीट केली.

"जायचंच नाही."