वेणीतली काळी मूठ

पडद्यावर आन्येलिनाच्या मेंदूचं चित्र उमटलं आणि डॉक्टर पेगेरोंच्या तोंडचं पाणी पळालं. कानामागे लिंबाएवढं काळं भोक दिसत होतं. गेल्या वर्षीच्या चित्रात तिथे काहीच नव्हतं.

काचेपलीकडच्या यंत्रात सहा वर्षांची आन्येलिना भूल देऊन निजवलेली होती. अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा तिला जन्मापासूनच नाही, त्यामुळे मेंदूतल्या तारांवर वेष्टण पुरतं चढलेलं नाही. हल्ली ती चालताना पडायची. आहे तेवढं वेष्टणही झिजतंय का, एवढंच विचारायला तिची आई योकास्ता आजीला घेऊन आली होती. डॉक्टरांचा चेहरा बघून ती उठून काचेशी गेली.

“थांब, हे काहीतरी वेगळंच आहे,” म्हणत पेगेरो आत धावले. पोरीचे दाट कुरळे केस त्यांनी चाचपले. वेणीच्या पेडात सेफ्टी पिन निघाली. पिनेला काळ्या दगडाची चिमुकली मूठ होती, सांतो दोमिंगोत तान्ह्या पोरांच्या मनगटावर दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसली.

“दोन्या एर्सिलिया!” बाहेर येऊन ते आजीवर कडाडले. “अंगावर धातू नको म्हणून घसा कोरडा केला मी! ते यंत्र म्हणजे भलंमोठं चुंबक आहे. चित्रातलं भोक या पिनेनेच पाडलं. ही पिन ओढली गेली असती तर पोरीचा डोळा गेला असता!”

आजीचं तोंड एवढंसं झालं. “चुकलं, लेकरा. डोळ्याचं मला कुठे ठाऊक?” मग तिचाही आवाज चढला. “पण मागच्या खेपेला तुम्ही सगळे तिच्या डोक्यात डोकावून ‘वा, किती दुर्मीळ, किती स्वच्छ चित्र’ करत होतात. आमच्या गल्लीतला दारुडासुद्धा पोरीला गोड म्हणाला की लगेच ‘देव तिचं भलं करो’ म्हणतो, कौतुकाची दृष्ट लागू नये म्हणून. तुमच्यातल्या एकाला तरी सुचलं?”

पेगेरोंनी मूठ तिच्या हातात ठेवली आणि यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं.

काळं भोक गेलं होतं. त्यांनी गेल्या वर्षीचं चित्र शेजारी लावलं आणि एकेक रेघ ताडून पाहिली. योकास्ताने आईचा दंड घट्ट धरला होता.

“वेष्टण होतं तेवढंच आहे,” अखेर ते म्हणाले. “झिजलेलं नाही. पडते ती पायातल्या ढिलेपणाने, त्यावर इलाज करता येईल.”

योकास्ता रडायला लागली. आजीने तिचं डोकं पोटाशी धरलं आणि स्वतःचं नाक तसंच हाताने पुसलं.

दार उघडून शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आत आला. पेगेरोंनी पडद्याकडे बोट उचललं आणि मध्येच खाली घेतलं.

“आधी देव तिचं भलं करो म्हणा,” ते म्हणाले. “मग बघा.”

पोरं एकमेकांकडे बघत पुटपुटली.

“मोठ्याने,” आजी म्हणाली. “काच जाड आहे.”