शोमारीची बाजू

वारा पडला म्हणून लामू बंदराकडे निघालेलं गलबत एका लहानशा बेटापाशी नांगरलं. खलाशी मनसोक्त डुंबले, माडांच्या सावलीत लवंडले. दुपारी चटईवर परात आली. नारळाच्या दुधातला भात आणि वर तळलेला मासा.

“सरकून बस रे मकामे,” म्हातारा तांडेल हळूच म्हणाला. “आता कोण येणार आहे तिथे?”

मकामेला सरकवेना. त्याच्या डाव्या अंगाला नेहमी शोमारी बसायचा. परवा रात्री पहाऱ्यावर असताना तो समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. पहारा खरं तर मकामेचा होता. पोटात दुखतंय, असं शोमारीच्या कानात खोटंच सांगून तो झोपून गेला होता. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. उलट, जिवलग गेला म्हणून सगळे त्यालाच जपत होते.

एका परातीत जेवताना ज्याने त्याने आपल्या समोरचाच भात खायचा. मकामे मान खाली घालून जेवू लागला, तर शोमारीच्या बाजूचा भातही कमी होत होता. भातात चार बोटांच्या रेघा उमटत होत्या आणि परातीचं पितळ उघडं पडत होतं.

बाकीचे आपापल्या समोरचा भात खात राहिले.

मग माशाच्या गालाचा मऊ तुकडा भातावरून सरकत मकामेपुढे येऊन थांबला. शोमारी आपल्या वाटचा तुकडा रोज असाच त्याच्याकडे ढकलायचा. आजच्या तुकड्यातून पाणी निथळत होतं.

मकामेचा हात पुढे होईना.

तांडेलाने मानही वर केली नाही. “खा रे,” तो म्हणाला. “पोट दुखायचं थांबलं का, विचारतोय तो.”